रुमालाखालचा आकडा

आमच्या घरमालकांइतका बोलका माणूस मी जन्मात पाहिला नाही, आणि त्यांच्या तोंडून एक शब्दसुद्धा मी कधी ऐकला नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल खरी आहेत. ते पटवून द्यायला मला जरा वेळ लागेल, कारण मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. लिहिताना मला आधी भीती आठवते आणि मग तिच्यामागे काय घडलं ते आठवतं. भीतीच्या बाबतीत मी तसा कुठेच कमी नाही. कुत्रा, साहेब, लिफ्ट, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, कशालाही मी घाबरतो, आणि घाबरलो की माझी जीभ टाळ्याला चिकटते. वर्गात उभं राहून उत्तर देता येत नाही म्हणून तर मी शाळा सोडली. असा मी चंदगडकडचा, पावसात नि भातात वाढलेला पोरगा, एका ठेकेदाराच्या मागोमाग नरडाण्याच्या बाजूला सूतगिरणीत कामाला आलो आणि दोंडाईच्याला खोली घेऊन राहिलो. तिथलं ऊन बघून पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं की इथली माणसं संध्याकाळपर्यंत जगतात हेच नवल. ऊन एकवेळ सोसलं असतं, पण भाषेचं काय करायचं? स्टेशनवर एका म्हाताऱ्यानं "कथा जाई ऱ्हायना, भो?" असं विचारलं, तेव्हा मला वाटलं की त्यांना कुठलीतरी कथा ऐकायची आहे. मला कथा येत नाही असं मी हात जोडून सांगितलं. ते मला कुठे चाललास एवढंच विचारत होते. पुढे महिनाभर स्टेशनवरचे हमाल मला बघितलं की कथा सांगा म्हणायचे.

अशा मुलखात ज्या एकाच माणसाचं बोलणं मला पहिल्या दिवसापासून कळलं, ते म्हणजे आमचे घरमालक नाना, कारण त्यांना बोलता येत नव्हतं.

नाना आयुष्यभर बैलबाजारात दलाल होते. त्यांचा आवाज म्हणे असा होता की दोंडाईच्याच्या बाजारात ते बोलले की साक्रीकडून निघालेला बैल वाटेतच वळायचा. हे मला अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोनं सांगितलं, आणि अक्का नानांच्या बाबतीत कौतुकानं खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. मग घशाचा तो आजार झाला. ऑपरेशन करून आवाजाची पेटीच काढून टाकली आणि श्वास घ्यायला गळ्याच्या खळगीत बटणाएवढं भोक ठेवलं. त्यावर ते पांढऱ्या जाळीच्या कापडाची घडी बांधत. मी खोली बघायला गेलो त्या दुपारी त्यांनी हसून माझं स्वागत केलं आणि तेवढ्यात त्यांना खोकला आला. तोंड तसंच हसरं, ओठ मिटलेले, आणि खोकला आला तो गळ्यातल्या कापडातून. मी दोन पावलं मागे सरकलो ते थेट पाण्याच्या पिंपात बसलो. खोली मला त्याच क्षणी मिळाली. अक्का नंतर म्हणाल्या की एवढा भित्रा भाडेकरू भाडं बुडवणार नाही हे नानांनी ओळखलं होतं.

बोलता येत नाही म्हणून गप्प बसायचं हा विचार नानांच्या मनाला कधी शिवला नाही. शिट्टी त्यांना वाजवता येईना, कारण हवा तोंडाकडे येतच नाही. म्हणून त्यांनी आपल्या शेवटच्या बैलाच्या गळ्यातली घंटा काढली आणि स्वतःच्या डाव्या मनगटाला बांधली. ती घंटा एकदा वाजली की चहा, घाईघाईनं वाजली की कुणीतरी आलंय, आणि वाजतच राहिली तर अक्कांनी हातातलं टाकून पळत यायचं. अक्कांचाही एक इशारा ठरलेला होता. फोडणी टाकण्याआधी त्या स्वयंपाकघरातून "फोडनी टाकस" अशी आरोळी ठोकत आणि नाना चपळाईनं अंगणात जात, कारण मिरचीचा तो ठसका नाकातोंडाची वाट न बघता सरळ छातीत उतरतो. आणि दोंडाईचा तर मिरचीचंच गाव. हंगामात वाऱ्यालाच तिखट असतं. त्या दिवसांत नाना गळ्यावरचं कापड ओलं करून ठेवत आणि मी माझ्या खोलीत चपातीबरोबर नुसता गूळ खाई. मी काही फोडणीला टाकलं आणि भिंतीपलीकडे माणूस गेला तर? असे विचार मला दिवसभर पुरायचे.

त्यांच्या सुरतेच्या मुलानं दोन यंत्रं पाठवली होती. एक गळ्याला टेकवायचं. ते घुंईं करतं आणि आपण ओठ हलवले की त्या घुंईंचे शब्द होतात. नानांनी ते गोठ्याजवळ उभं राहून एकदाच लावलं. शेजाऱ्यांचा बैल दावं तोडून मळ्याच्या दिशेनं गेला. नानांनी यंत्र पिशवीत घातलं, पिशवी खुंटीला लावली आणि हात धुतले. दुसरं म्हणजे मोबाइलमधली सोय. चित्रावर बोट ठेवलं की आतली बाई बोलते. नानांनी चित्र दाबलं आणि ती बाई गोड आवाजात म्हणाली, "मला भूक लागली आहे. कृपया जेवण वाढा." अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून मोबाइलकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हाई कोन बाई? हिले म्हना, तूच रांध आनि तूच वाढ." ती बाई त्या घरात पुन्हा बोलली नाही.

पण नानांचं खरं बोलणं रुमालातून चाले. ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे सौदा करताना दोन माणसं एका रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं धरली, कशी धरली, त्यावरून आकडा ठरतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी त्यांना फक्त रुमाल हलताना दिसतो. सौदा ठरला की दलाल रुमाल झटक्यानं ओढून घेतो आणि समोरच्याच्या हातावर टाळी मारतो. झाला तो आकडा पुढे बाहेर बोलायचा नसतो. नानांचा आवाज गेला पण बोटं शाबूत होती, आणि सगळा जन्म त्यांनी ज्या भाषेत पोट भरलं ती घशातून कधी येतच नव्हती. त्यांनी फक्त आकड्यांच्या जागी शब्द आणले. माझी करंगळी धरली की पाणी हवं. मधलं बोट म्हणजे चहा. अंगठीचं बोट पिळलं की अक्का रागावल्या आहेत, जपून राहा. आणि तर्जनी दाबली की समोर बसलेला माणूस खोटं बोलतोय. अक्कांचे एक लांबचे भाऊ समाचाराला येत आणि तासभर आपल्या मोठेपणाच्या गोष्टी सांगत. त्या तासभरात नाना चेहऱ्यावर भक्तिभाव ठेवून ऐकत आणि रुमालाखाली माझी तर्जनी इतकी दाबत की दुसऱ्या दिवशी गिरणीत मला तुटलेला धागा जोडता येत नसे. गिरणीत यंत्रांच्या आवाजात आम्हीसुद्धा हातवारेच करायचो, म्हणून असेल, मला ही भाषा लवकर आली. तोंडानं जे मला कधी जमलं नाही ते बोटांनी जमलं. रुमालाखाली जीभ अडकत नाही.

या रुमालापायी एकदा मी बैलाचा मालक होता होता वाचलो. बाजाराच्या दिवशी नाना मला बरोबर घेऊन गेले. धंदा सुटला तरी बाजारात चक्कर मारल्याशिवाय त्यांना करमत नसे. एका पांढऱ्या बैलाजवळ उभं राहून त्यांनी रुमाल पसरला आणि चहा घेणार का विचारलं. मी हो म्हणून बोट दाबलं. भजी? तेही दाबलं. मग मिरची घातलेली की साधी, यावर जरा घासाघीस झाली, कारण मिरचीची त्यांना बंदी आणि इच्छा दोन्ही होती. शेवटी साधी ठरली. नानांनी जुन्या सवयीनं रुमाल ओढला आणि माझ्या हातावर टाळी मारली. आम्ही भजी खाऊन घरी आलो. हात धुऊन ताटावर बसतोय तोच दारात तो पांढरा बैल, त्याच्या मागे साक्रीकडचे एक शेतकरी आबा, आणि त्यांच्या मागे आमची सगळी गल्ली. मी चाचरत म्हणालो की मी बैल घेतलेला नाही. आबा शांतपणे म्हणाले, "बठ्ठा बजारनी दखं. पाहुनानी बैल लिधा. टाळी पडनी." म्हणजे पाहुण्यानं बैल घेतला हे सगळ्या बाजारानं पाहिलं होतं.

मी गारठलो. माझ्या खोलीत मी कूस बदलली तरी भिंत लागायची, आणि बैल माझ्याकडे असा बघत होता की त्याला ही जागा पसंत नाही हे स्पष्ट होतं. मी मदतीसाठी नानांकडे वळलो तर नाना दोन्ही हात छातीवर धरून वाकले होते. खांदे गदागदा हलत होते, डोळ्यांतून पाणी आणि गळ्यातल्या कापडातून फस्स फस्स असा आवाज. मला वाटलं गेले. मी ओरडलो, त्यांच्या पाठीत गुद्दे घातले, पाणी आणायला धावलो, वाटेत बैलाला धडकलो. अक्का चुलीपाशी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मारू नको रे त्यासले. हासी ऱ्हायनात."

नाना हसत होते. आवाज नसलेलं हसणं आणि गुदमरणं बाहेरून सारखंच दिसतं. त्या दिवशी आबांची समजूत घालून, चहा पाजून बैल परत गेला, पण मी दुपारभर नानांची छाती वर-खाली होते का ते बघत बसलो. माझी ती दशा बघून नानांनी संध्याकाळी रुमाल काढला आणि मला दोन नवे शब्द शिकवले. अंगठा धरला तर हसतोय. मनगट धरलं तर खरंच धोका आहे, धाव. अंगठा त्यांनी पुढे रोज धरला. मनगट कधीच नाही. तरी प्रत्येक वेळी रुमालाखाली त्यांचा हात आला की माझं मनगट आपोआप चोरून घेतलं जाई.

त्यांचे माझ्यावरचे उपकार असे एका दमात सांगण्यासारखे नाहीत. पहिल्याच उन्हाळ्यात मी गिरणीतून येऊन अंगणात कोसळलो तेव्हा अक्का घरी नव्हत्या. हाका कोण मारणार? नानांनी घंटा वाजवायला सुरुवात केली आणि गल्ली गोळा होईपर्यंत थांबले नाहीत. पुढे आठवडाभर त्यांना तो हात वर करता येत नव्हता. मी जगलो तो बैलाच्या घंटेवर. म्हणून त्यांच्याविषयी माझी भीती वेगळ्याच जातीची होती. गावाकडे माझी आई गेलेली, भाऊ आपापल्या संसारात. नाना गेले तर या मुलखात मी मुका होईन, अशी ती भीती होती.

आणि मग एका दुपारी जेवताना त्यांनी माझं मनगट धरलं.

अक्का समोर भाकरी वाढत होत्या. नानांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा बघून माणूस जितका प्रसन्न दिसेल तितकेच ते दिसत होते, आणि ठेचा नेहमीप्रमाणे माझ्या ताटात सरकवत होते. मांडीवरच्या रुमालाखाली मात्र पकड अशी की माझी बोटं बधिर झाली. अक्का आत वळल्या तेव्हा नानांनी माझं बोट नेऊन आपल्या जबड्याखाली, कानामागे टेकवलं. तिथे हरभऱ्याएवढी गाठ होती. मग त्यांनी माझं अंगठीचं बोट धरलं आणि नाही अशी मान हलवली. अक्कांना कळू द्यायचं नव्हतं.

मी भाकरीचा तुकडा नुसता मोडत बसलो. अक्का म्हणाल्या, "काय रे, भाकर कडक शे का?" मी म्हणालो, मऊ आहे. नानांनी माझी तर्जनी दाबली.

जळगावच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं, आणि अक्कांना सांगायचं ठरलं की एका ओळखीच्या माणसाला बैलजोडी बघून द्यायची आहे. खोटं बोलायचं काम माझ्याकडे, कारण तोंड माझ्याकडे. पॅसेंजरमध्ये खिडकीजवळ बसून मी सगळ्या वाटेनं एकच विचार करत होतो की गर्दीत कुणाची कोपर त्यांच्या गळ्याला लागली तर काय करायचं. नाना बाहेरची कपाशी बघत होते. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं गाठीत बारीक सुई घालून तपासायला पाठवलं आणि पुढच्या आठवड्यात या म्हणाला. तो एक आठवडा नाना पूर्वीपेक्षा जास्त बोलले. रुमाल खाली ठेवायला तयार नव्हते. शेजाऱ्यांची थट्टा, अक्कांच्या भावाची थट्टा, माझ्या लग्नाची थट्टा. मनगटाजवळ मात्र हात आणत नव्हते.

दुसऱ्यांदा निघालो तेव्हा अक्का दारात आल्या. त्यांनी माझ्या हातात जाळीच्या कापडाच्या दोन स्वच्छ घड्या दिल्या, पाण्याची बाटली दिली. नाना पुढे गेले होते. अक्का हळूच म्हणाल्या, "डाक्टर काय बोलना ते माले रुमालमा नको सांगजो. तोंडवर सांग." मी काही बोलणार तेवढ्यात त्या आत गेल्या. बैलजोडीबद्दल त्यांनी दोन्ही वेळा काहीच विचारलं नव्हतं हे मला तेव्हा लक्षात आलं.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही नंबरची वाट बघत बसलो. मी पिशवी मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी दाबून धरली होती. नानांनी पिशवी बाजूला केली, रुमाल पसरला आणि माझी बोटं धरली. मला वाटलं चहा. त्यांनी नाही अशी मान हलवली. डोळे वर छताकडे नेले, मग गाठीवर बोट ठेवलं, आणि त्यांचे ओठ हलले. वरीस, म्हणजे वर्ष.

मला समजायला वेळ लागला. नाना सौदा करत होते. किती वर्षं मिळतील याचा. वरचा मालक रुमालाखाली हात घालायला येणार नाही, म्हणून त्याच्या वतीनं मला बसवलं होतं. मला, ज्यानं भाजीवालीला कधी भाव कमी कर म्हटलं नाही. त्यांनी मागितलेला आकडा इतका लहान होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फार तोंड उघडलं तर समोरचा उठून जातो हे ते बाजारात शिकले होते. मी माझी बोटं सोडवून घेतली आणि त्यांचा अख्खा पंजा धरला. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बाजार बिघडवणाऱ्या नवख्या माणसाकडे दलाल बघतो. देणाराच आकडा चढवतोय असा मूर्ख सौदा त्यांनी उभ्या जन्मात केला नव्हता. ते एका बोटानं वर आले. मी आणखी वर गेलो. ते थांबले, त्यांनी विचार केला, पुन्हा जरा चढले. मी हात सोडला नाही. तेवढ्या वेळात मला कुणाचीच भीती वाटत नव्हती, हे मी खरं सांगतो. शेवटी त्यांनी डोळे मिटले, मान हलवली, रुमाल ओढला आणि माझ्या हातावर अशी टाळी मारली की सगळी रांग वळून बघू लागली. आणि आत आमचं नाव पुकारलं.

डॉक्टरनं चष्मा काढून सांगितलं की गाठ आहे, पण ती त्या आजाराची नाही. दाढ किडली आहे, त्यामुळे सुजली आहे. दाढ काढून टाका आणि दाखवायला येत राहा. नाना खुर्चीत वाकले, खांदे हलू लागले, गळ्यातून फस्स फस्स सुरू झालं. डॉक्टर घाबरून उठला. मीसुद्धा उठलोच होतो, पण टेबलाखाली माझा अंगठा कुणीतरी घट्ट धरला होता.

घरी आलो तेव्हा अक्का अंगणात होत्या. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि तोंडानं सांगितलं. जीभ दोनदा अडकली, पण सांगितलं. नानांच्या खांद्यावरचा रुमाल अक्कांनी झटक्यानं ओढला आणि धुण्याच्या बादलीत टाकला.

पुढे गिरणी बंद पडली आणि ठेकेदारानं मला आणखी दूर आणलं. आता मी तमिळ मुलखात आहे. इथे तर कथासुद्धा कुणी विचारत नाही. हॉटेलात मी मधलं बोट दुमडून चहा मागतो आणि मला चहा मिळतो. नाना फोन करतात. आधी घंटा वाजते, मग मी बोलतो, ते नखानं फोनवर टकटक करून हो की नाही सांगतात, आणि अक्का लांबून पोऱ्या जेवना का म्हणून विचारतात. पोळ्याच्या दिवशीची टकटक वेगळी असते. त्या दिवशी नाना ठरलेल्या आकड्यातली उरलेली वर्षं वाजवतात. किती, ते मी इथे लिहिणार नाही. अक्कांनासुद्धा ते अजून ठाऊक नाही.

यंदाच्या पोळ्याला मी मोजलं. गेल्या पोळ्यापेक्षा एक टकटक कमी होती. मी धीर करून म्हणालो, नाना, आकडा चढवून मागू या का, माझी बाजू तयार आहे. पलीकडून फस्स फस्स असा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. फोनवर अंगठा धरता येत नाही. मी माझाच अंगठा दुसऱ्या मुठीत घट्ट धरला, आणि तिकडून घंटा वाजेपर्यंत सोडला नाही.